हिवतापाची गोळी गुणसूत्रं तोडते का? कोकणातल्या लॅबमध्ये पहिल्यांदा हे तपासणाऱ्यांसाठी

१ ऑगस्टला मासेमारीचा हंगाम उघडतो आणि आमच्या किनाऱ्यावर लांबून आलेले खलाशी बोटींवर चढतात. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं असतात, चिरेखाणींत पावसाचं पाणी साठलेलं असतं, आणि कुणाला तरी हुडहुडी भरून ताप येतो. आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेतात, काचपट्टी बघतात. व्हायवॅक्स जातीचा परजीवी निघाला तर तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. फाल्सिपेरम जातीचा निघाला तर आर्टेसुनेट आणि त्याच्या जोडीला सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन.

या गोळ्या पेशीच्या आत नेमकं काय करतात, आपल्या गुणसूत्रांना इजा करतात का, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी एमएस्सीचा विद्यार्थी प्रकल्पासाठी घेऊन येतो. प्रश्न रास्त आहे. क्लोरोक्विनचा रेणू चपटा असल्याने डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरू शकतो. आर्टेसुनेटमधला पेरॉक्साइडचा पूल लोहाजवळ आला की फुटतो आणि फ्री रॅडिकल तयार होतात, परजीवी मरतो तो त्यानेच. पायरिमेथामिन फोलेट या जीवनसत्त्वाच्या वाटेत अडथळा आणतं आणि फोलेटवाचून डीएनएची नवी प्रत नीट होत नाही. म्हणजे संशयाला जागा आहे. पण एक गोष्ट आधीच सांगते, कारण प्रकल्पाची बातमी गावात पोचते तेव्हा तिचं भलतंच काही होतं. काचपात्रातल्या पेशीत दोष दिसला म्हणून रुग्णाने गोळ्या सोडायच्या नाहीत. फाल्सिपेरम मलेरियावर वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस जातो.

औषधाची बाटली महिनाभर उघडू नका

नवीन मुलं पहिल्या आठवड्यातच औषध घालतात. तसं करू नका. आधी नुसत्या रक्ताचं कल्चर लावा, म्हणजे त्यातल्या पेशी नळीत वाढवा, स्लाइड करा, मोजा. पुन्हा लावा, पुन्हा मोजा. निरोगी माणसाच्या, कशाचाही संपर्क न झालेल्या पेशींतही थोडीफार तुटलेली गुणसूत्रं सापडतातच. दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचा आवळलेला सांधा) असलेलं डायसेंट्रिक गुणसूत्र हजार पेशींत साधारण एखादं दिसतं. तुमच्या लॅबमध्ये, तुमच्या हातून, तुमच्या डोळ्यांना किती दिसतात, हा आकडा हाताशी नसेल तर औषध घातल्यावर दिसलेल्या आकड्याला अर्थच नाही.

हे मी किंमत मोजून शिकले. माझ्या पहिल्या पावसाळ्यात क्लोरोक्विनच्या स्लाइडवर मला फुटलेल्या, विखुरलेल्या पेशी दिसल्या. कुठे चाळीस गुणसूत्रं, कुठे अडतीस, बाजूला सुटे तुकडे. आनंदाने मी मार्गदर्शक मॅडमना बोलवायला धावले. त्यांनी क्लोरोक्विनची स्लाइड बघितलीच नाही. "कंट्रोल लाव," म्हणाल्या. औषध न घातलेल्या त्या कंट्रोलच्या स्लाइडवरही अगदी तसंच होतं. दोष औषधाचा नव्हता, माझ्या हाताचा आणि जुलैच्या हवेचा होता. ते कसं, हे पुढे येईल.

रक्त कुणाचं

साधारण १८ ते ३५ वयाचे, निरोगी, धूम्रपान न करणारे, अलीकडे कुठलंही औषध न घेतलेले आणि एक्स-रे न काढलेले दाते हवेत. संस्थेच्या एथिक्स समितीची मंजुरी आधी घ्यायची आणि संमतिपत्रक मराठीत करायचं. दात्याला बोलीतच समजावून सांगा. सही झाली म्हणजे समजलं असं होत नाही.

प्रश्नावलीत 'तंबाखू?' एवढंच विचारू नका. एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. तंबाखू नाही, विडी नाही, सुपारीसुद्धा नाही. सगळीकडे 'नाही' लिहून झालं आणि मग त्या हसल्या तेव्हा हिरडीची काळी कड दिसली. "मिश्री लावता का हो?" "लावते की, सकाळी. ती कुठे खातात?" मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यांच्या लेखी तो तंबाखू नव्हता आणि आम्ही विचारलं नसतं तर त्या कंट्रोलमध्ये धरल्या गेल्या असत्या. तेव्हापासून मिश्री, गुटखा, मशेरी ही नावं आम्ही एकेक करून विचारतो. तसंच आंब्याच्या मोहोरावर कीटकनाशकाची फवारणी केली का, कधी केली, हेही विचारा. कोकणात हा प्रश्न गाळून चालणार नाही.

रक्त हिपॅरिनच्या, हिरव्या झाकणाच्या नळीत घ्या. जांभळ्या झाकणाच्या नळीत ईडीटीए असतं, ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि पेशी नीट वाढत नाहीत. एसटीने किंवा दुचाकीवरून नमुना आणायचा असेल तर थर्मासमध्ये ठेवा, पण बर्फाला नळी टेकू देऊ नका. गोठलेलं रक्त फुकट जातं. चोवीस तासांच्या आत कल्चर लागलेलं बरं. हाताळणाऱ्या प्रत्येकाची हिपॅटायटिस-बी ची लस झालेली असावी.

औषध मोजताना होणारी चूक

मेडिकलमधली गोळी कुटून वापरायची नाही. तिच्यात स्टार्च, रंग, लेप असं बरंच काही असतं. शुद्धतेचा दाखला असलेली पावडर मागवा आणि बाटलीवर क्षार कोणता लिहिलाय ते वाचा. क्लोरोक्विन डायफॉस्फेटचा रेणुभार ५१५.९ आहे, नुसत्या बेसचा ३१९.९. म्हणूनच २५० मिलिग्रॅमच्या क्लोरोक्विन फॉस्फेटच्या गोळीत बेस १५० मिलिग्रॅम असतो. ५ मिलिलिटर कल्चरमध्ये १० मायक्रोमोलर हवं असेल तर डायफॉस्फेट २५.८ मायक्रोग्रॅम लागेल, म्हणजे १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या द्रावणातून सुमारे २६ मायक्रोलिटर. बेसचा रेणुभार धरून हिशोब केलात तर १६ मायक्रोग्रॅमच पडेल आणि तुमचा डोस सगळीकडे दीडपटीहून जास्त चुकेल. वहीत 'क्लोरोक्विन' एवढंच लिहून थांबू नका, क्षारही लिहा.

क्लोरोक्विन डायफॉस्फेट पाण्यात सहज विरघळतं, पण द्रावण आम्लधर्मी होतं. मोठ्या डोसला माध्यमाचा लालसर रंग पिवळट पडला तर पीएच मोजा. पीएचच बिघडला तर गुणसूत्रं त्याने तुटतील आणि दोष औषधावर येईल. आर्टेसुनेट पाण्यात टिकत नाही, त्याचं लवकरच डायहायड्रोआर्टेमिसिनिन होतं, म्हणून द्रावण त्या-त्या वेळी ताजं करा. डीएमएसओ या द्रावकात विरघळवलंत तर कल्चरमध्ये त्याचं प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि कंट्रोलमध्येही तेवढाच डीएमएसओ घाला.

डोस किती? ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, याच चाचणीसाठीच्या ४७३ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत सर्वसाधारण रसायनांसाठी वरची मर्यादा १० मिलिमोलर किंवा २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, जे कमी असेल ते, अशी आहे. मानवी औषधांचे नियम ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या नियमात ती १ मिलिमोलर किंवा ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. बहुतेक मलेरियाविरोधी औषधांत तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी पेशी मरायला लागतात. म्हणून खरी मर्यादा मायटोटिक इंडेक्सने ठरते. हजार पेशींत विभाजन होत असलेल्या किती, हे मोजा. सर्वांत वरच्या डोसला हा आकडा कंट्रोलच्या ४५ टक्क्यांच्या आसपास यावा, त्याहून फार खाली नको. मरू घातलेल्या पेशीचा डीएनए तसाही तुटतोच, तो पुरावा धरता येत नाही. निदान तीन डोस घ्या, आणि त्यात एक तरी रुग्णाच्या रक्तात खरोखर सापडणाऱ्या पातळीजवळचा असू द्या. तो नसेल तर निकाल डॉक्टरांच्या कामाचा राहत नाही.

वार लावून घ्या

सोमवारी दुपारी २ वाजता कल्चर लावा. ४.५ मिलिलिटर आरपीएमआय १६४० माध्यम, त्यात १० ते २० टक्के गर्भ-वासराचं सीरम, अर्धा मिलिलिटर रक्त आणि पीएचए, म्हणजे फायटोहिमॅग्लुटिनिन. तापमान ३७ अंश. पीएचए निघतं राजम्यातून. कच्चा राजमा पोटाला बाधतो तो याच द्रव्यामुळे. लाल पेशींची गुठळी करून बाजूला काढण्यासाठी ते वापरत असत. त्याने पांढऱ्या पेशी विभाजायला लागतात, हे पीटर नॉवेल यांनी १९६० मध्ये दाखवलं आणि तेव्हापासून माणसाच्या गुणसूत्रांसाठी नसेतलं थोडं रक्त पुरायला लागलं.

बुधवारी दुपारी २ वाजता, ४८ तास झाल्यावर, औषध घाला. अर्ध्या नळ्यांतून चार तासांनी, ६ वाजता, औषध धुऊन ताजं माध्यम घाला. उरलेल्यांत औषध शेवटपर्यंत राहू द्या. गुरुवारी सकाळी १० वाजता कोल्सेमिड, ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. १२ वाजता काढणी. औषध घातल्यापासून काढणीपर्यंत पेशीचं साधारण दीड चक्र व्हायला हवं, ते या बावीस तासांत होतं. जास्त थांबलात तर तुटलेल्या गुणसूत्रांच्या पेशी पुढच्या विभाजनात गळून जातात आणि निकाल खोटा चांगला दिसतो.

कोल्सेमिड हा कोल्चिसिनचाच भाऊ. गुणसूत्रं ओढणारे पेशीतले दोर सोडवून विभाजन मेटाफेजला, म्हणजे गुणसूत्रं सर्वांत स्पष्ट दिसतात त्या टप्प्याला, अडकवून ठेवतो. आपल्या कुंपणांवर श्रावणात लाल-पिवळी कळलावी फुलते ना, तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. त्या कंदाने माणूस दगावतो. बाटली छोटी आहे म्हणून बेफिकीर राहू नका, हातमोजे घाला.

प्रत्येक फेरीत एक कंट्रोल नुसत्या द्रावकाचा आणि एक पॉझिटिव्ह कंट्रोल हवाच. त्यासाठी मायटोमायसिन-सी घ्या. ते गुणसूत्रं तोडतं हे माहीत असलेलं द्रव्य आहे. त्याच्या स्लाइडवर तुटी दिसल्या नाहीत तर ती फेरी बाद.

पावसाळ्यात लाईट जाणारच. इनक्युबेटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि आत साधा पाऱ्याचा थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळचा आकडा वहीत लिहा. बाहेरचा डिस्प्ले लाईट आल्यावर पुन्हा ३७ दाखवतो, मधल्या चार तासांचं काही सांगत नाही.

यकृताची नक्कल

काही औषधं आहेत तशी निरुपद्रवी असतात, यकृतातून गेल्यावर त्यांची रूपं बदलतात. प्रायमाक्विन तसंच आहे. त्याचं औषधी काम आणि त्याचा त्रास, दोन्ही त्याच्या चयापचयातून निघालेल्या द्रव्यांमुळे होतात. नळीत यकृत नसतं, म्हणून उंदराच्या यकृतापासून केलेलं एस-९ मिश्रण घालून एक वेगळा संच लावतात, तोही फक्त ३ ते ६ तास, कारण एस-९ स्वतः पेशींना झेपत नाही. या संचाचा पॉझिटिव्ह कंट्रोल सायक्लोफॉस्फामाइड. ते एस-९ शिवाय जवळपास काही करत नाही. म्हणून त्याने तुटी केल्या, तरच तुमचं एस-९ जिवंत आहे असं समजा.

पायरिमेथामिन आणि माध्यमातलं फोलेट

यावर कुणी फारसं सांगत नाही, म्हणून जरा थांबते. आरपीएमआय १६४० मध्ये फोलिक आम्ल लिटरला १ मिलिग्रॅम असतं. माध्यम १९९ मध्ये ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे शंभरावा हिस्सा. फोलेट कमी पडलं की औषधाशिवायही गुणसूत्रांवरच्या नाजूक जागा उघड्या पडतात. फ्रॅजाइल-एक्स हा आनुवंशिक दोष बघायला मुद्दाम कमी फोलेटचं माध्यम घेतात ते त्यासाठीच. आता पायरिमेथामिन हे फोलेटच्याच एन्झाइमला अडवणारं औषध. परजीवीच्या एन्झाइमला ते माणसाच्या एन्झाइमपेक्षा कितीतरी घट्ट धरतं, सगळी मदार त्यावर आहे. पण तुम्ही ते माध्यम १९९ मध्ये तपासलंत तर फोलेटची उपासमार आणि औषधाचा परिणाम एकमेकांत मिसळतील. आरपीएमआयमध्ये तपासलंत तर माध्यमातलं भरपूर फोलेट परिणाम झाकू शकेल. माझं मत असं की दोन्ही माध्यमांत तपासावं आणि दोन्ही निकाल शेजारी-शेजारी ठेवावेत. खर्च वाढतो हे खरं. पण गरोदर बाईच्या आणि कुपोषित मुलाच्या अंगात फोलेट आरपीएमआयसारखं भरपूर नसतं.

काढणी, आणि जुलैची हवा

नळी १००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा, वरचं माध्यम काढा. ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे लिटरला ५.६ ग्रॅम, ३७ अंशांवर गरम केलेलं, १५ ते २० मिनिटं. या फिक्या द्रावणात पेशी पाणी पिऊन फुगतात आणि गुणसूत्रं सुटी होतात. ही युक्ती १९५२ मध्ये टी. सी. शू यांना चुकीने फिकं झालेल्या द्रावणामुळे सापडली. त्याआधी गुणसूत्रांचा गुंता सुटत नसे आणि माणसाला ४८ आहेत असं धरून चालत. १९५६ मध्ये जो हिन चियो आणि आल्बर्ट लेव्हान यांनी ४६ मोजली.

मग फिक्सेटिव्ह, तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड. पहिल्यांदा थेंबथेंब, नळी हलवत घाला. एकदम ओतलंत की पेशींचा गोळा होतो आणि तो पुन्हा सुटत नाही. लाल रंग चॉकलेटी होतो, दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात तळाशी पांढरा ढग उरतो. फिक्सेटिव्ह दरवेळी ताजं करा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्याकडे हवेत पाण्याची कमी नाही.

आता स्लाइडवर थेंब सोडणं. सगळं इथे ठरतं. स्लाइडवर पडलेल्या थेंबातून मिथेनॉल आधी उडतं, ॲसेटिक ॲसिडचं प्रमाण वाढतं, पेशी पसरत जाते आणि सुकताना चपटी होते. सुकायला किती वेळ लागतो त्यावर ती किती पसरणार हे ठरतं. २५ अंशांच्या आसपास तापमान आणि ५० टक्क्यांच्या आसपास दमटपणा असला की काम छान होतं. जुलैत रत्नागिरीला दमटपणा नव्वदीच्या आसपास असतो. थेंब सुकतच नाही, पेशी पसरत पसरत फुटते, गुणसूत्रं शेजारच्या पेशीत जाऊन पडतात. माझ्या पहिल्या पावसाळ्यातले ते 'तुकडे' हेच होते, त्यात मी पोटॅशियम क्लोराइडमध्ये पेशी अर्धा तास ठेवल्या होत्या.

म्हणून पावसाळ्यात एसी असलेल्या खोलीत, दार लावून, दमटपणा मोजायचं यंत्र टेबलावर ठेवून काम करा. स्लाइड कोरडी घ्या, थेंब कमी उंचीवरून सोडा, आणि लगेच कोमट प्लेटवर ठेवा. डिसेंबर-जानेवारीत उलट. तेव्हा स्लाइड फ्रिजमधल्या पाण्यात भिजवून थंड घ्या, थेंब हातभर उंचीवरून सोडा, आणि पडल्या-पडल्या स्लाइडवर तोंडाने हळूच वाफ सोडा. पहिली स्लाइड न रंगवताच दहाच्या लेन्सखाली बघा. गुणसूत्रं करड्या रंगाची, एकमेकांपासून सुटी, पण एका वर्तुळात राहिलेली दिसली की तसंच पुढे चालू ठेवा. नाही तर काय बदलायचं ते तिथेच बदला.

मग रंगवणं: गिएम्सा ४-५ टक्के, सात-आठ मिनिटं. वापरून झालेल्या नळ्या-सुया बायोमेडिकल कचऱ्याच्या ठरलेल्या पिशव्यांत आणि डब्यांतच टाका.

मोजणी

स्लाइडवरची नावं झाकून दुसऱ्या कुणाला तरी सांकेतिक आकडे टाकायला सांगा. औषधाची स्लाइड आहे हे माहीत असलं की डोळा तूट शोधतोच, प्रामाणिक माणसाचाही. प्रत्येक डोसला किमान ३०० मेटाफेज, आणि ४४ ते ४८ सेंट्रोमिअर असलेल्याच पेशी. शंभराच्या तेलाच्या लेन्सखाली, ओळीने, एक पेशी न वगळता. 'सुंदर' पेशी निवडत बसू नका.

फट आणि तूट यांत नव्यांचा गोंधळ होतो. क्रोमॅटिडच्या, म्हणजे गुणसूत्राच्या दोन जुळ्या धाग्यांपैकी एकाच्या, रुंदीपेक्षा लहान, न रंगलेली जागा असेल आणि दोन्ही टोकं एका रेषेत असतील तर ती फट. ती वेगळी लिहायची, बेरजेत धरायची नाही. तुकडा सरकलेला असेल किंवा मधलं अंतर रुंदीहून जास्त असेल तर ती तूट. एकाच क्रोमॅटिडची तूट, दोन्हींची तूट, चार हातांची अदलाबदल, डायसेंट्रिक, रिंग, सुटा तुकडा, असे रकाने आधीच आखून घ्या. प्रत्येक नोंदीसोबत मायक्रोस्कोपच्या स्टेजवरचे आकडे लिहा, म्हणजे शंका आल्यावर तीच पेशी पुन्हा सापडेल. अख्खी गुणसूत्रं दुप्पट-चौपट झालेल्या पेशी वेगळ्या मोजा.

'तोडते' असं कधी लिहायचं

निदान एका डोसला आकडा कंट्रोलपेक्षा संख्याशास्त्रीयदृष्ट्या स्पष्ट वाढलेला, डोससोबत वाढत जाणारा, आणि तुमच्या लॅबच्या जुन्या कंट्रोलांच्या पट्ट्याबाहेरचा, या तिन्ही गोष्टी जुळल्या तर. पहिल्या महिन्यात केलेली ती कंटाळवाणी मोजणी इथे कामी येते. एखादीच जुळली तर प्रयोग पुन्हा करा. आणि जुळल्या तरी अहवालात डोस लिहा, तो रुग्णाच्या रक्तातल्या पातळीच्या किती पट होता ते लिहा, एस-९ होतं की नव्हतं ते लिहा. 'क्लोरोक्विन गुणसूत्रं तोडतं' असं एका ओळीचं वाक्य लिहू नका. तेच वाक्य उद्या कुणीतरी मोबाइलवर पुढे पाठवेल आणि एखादा खलाशी चौथ्या दिवशी प्रायमाक्विन सोडून देईल. महिन्या-दोन महिन्यांनी यकृतात दडलेला व्हायवॅक्स त्याला समुद्रावर असताना पुन्हा गाठेल.

नळीच्या तळाशी उरलेलं पेशींचं पेलेट फेकू नका. ताज्या फिक्सेटिव्हमध्ये घट्ट झाकणाच्या नळीत, उणे २० अंशांवर ते वर्षानुवर्षं टिकतं. नळीवर तारीख, दात्याचा सांकेतिक आकडा आणि डोस शिसपेन्सिलीने लिहा, मार्करची शाई मिथेनॉलने पुसली जाते. श्रावणातल्या स्लाइडबद्दल मनात शंका राहिली तर मार्गशीर्षात, हवा कोरडी झाल्यावर, त्याच पेलेटमधून पुन्हा थेंब सोडा आणि नव्याने मोजा.